खाड्याचे दहा शिलिंग

३० ऑक्टोबर २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. स्पेनच्या मुलींनी कोलंबियाच्या मुलींना एका गोलने हरवले. त्याच वर्षीच्या जुलैत लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडच्या महिलांनी युरोपचे अजिंक्यपद मिळवले, तेव्हा सत्त्याऐंशी हजारांवर प्रेक्षक हजर होते. अशा बातम्या आल्या की लोक म्हणतात, बायकांचे फुटबॉल आत्ता कुठे सुरू झाले. हे खरे नाही. १९२० साली इंग्लंडमधल्या एका कारखान्याच्या मजूर बायकांचा सामना बघायला त्रेपन्न हजार माणसे आली होती, आणि दाराबाहेर हजारोंना परत फिरावे लागले होते. त्यानंतर वर्ष पुरे व्हायच्या आत त्या बायकांना मैदाने बंद झाली. का बंद झाली, आणि बंद करताना कोणते कारण पुढे केले गेले, हे आमच्या वाचकांनी, त्यातही डबा घेऊन कामावर जाणाऱ्या भगिनींनी जरूर समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

प्रेस्टन हे इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातले शहर. आपल्या गिरणगावाची आठवण यावी असे. सूतगिरण्या, धुराडी, एकाला एक चिकटलेल्या मजुरांच्या घरांच्या रांगा. तिथे डिक केर आणि कंपनी या नावाचा कारखाना होता. आगगाडीची इंजिने आणि ट्रामगाड्या बनवणे हे त्याचे काम. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले, तरुण पुरुष लढाईवर गेले आणि हा कारखाना तोफगोळे बनवू लागला. पुरुषांच्या जागी बायका भरती झाल्या. लांबलचक पाळ्या, दारूगोळ्याचे धोके आणि पुरुषांपेक्षा कमी पगार, असे तिथले काम होते. त्या वेळी कोणी म्हणाले नाही की हे काम बायकांच्या शरीराला झेपणारे नाही. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे त्याची गरज पडणार आहे.

जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या आवारात शिकाऊ पोरे चेंडू मारीत. बायकाही त्यात शिरल्या. कपडे बदलायच्या खोलीला लहान चौकोनी खिडक्या होत्या. चेंडू मारून खिडकी कोण फोडतो यावर पैज लागे. पोरे जिंकली तर बायकांनी त्यांना वुडबाइन सिगारेटचे पाकीट द्यायचे. बायका जिंकल्या तर पोरांनी चॉकलेट द्यायचे. पोरांचा संघ सामने हरू लागला तेव्हा ग्रेस सिबर्ट नावाच्या कामगार स्त्रीने त्यांची थट्टा केली, तुमच्यापेक्षा आम्ही बऱ्या खेळू. ग्रेसचा नवरा लढाईवर गेलेला, शत्रूच्या कैदेत होता. पोरांनी आव्हान घेतले, सामना झाला आणि तिथून गोष्ट वाढली. कचेरीत काम करणारे आल्फ्रेड फ्रँकलंड नावाचे गृहस्थ हा खेळ खिडकीतून पाहत असत. त्यांनी व्यवस्थापकाचे काम अंगावर घेतले. इतिहासाच्या पुस्तकांत फ्रँकलंडचे नाव मोठ्या अक्षरांत येते, ग्रेसचे बारीक अक्षरांत. आम्ही तिचे नाव आधी लिहिले ते मुद्दामच.

गावात जखमी सैनिकांचे इस्पितळ होते. त्याच्या मदतीसाठी बायकांनी गाण्याबजावण्याचा कार्यक्रम करावा अशी विनंती आली. बायका म्हणाल्या, गाणी नकोत, आपण सामना भरवू. फ्रँकलंडने वीस पौंड भाडे देऊन प्रेस्टन नॉर्थ एंड या नामांकित पुरुष क्लबचे डीपडेल मैदान घेतले. २५ डिसेंबर १९१७, नाताळचा दिवस. दुसऱ्या कारखान्याच्या, अरुंडेल कोल्थर्डच्या, बायका समोर होत्या. दहा हजार लोक जमले. डिक केरच्या बायका चार गोलांनी जिंकल्या आणि इस्पितळाला दोनशे पौंडांहून जास्त मिळाले. पुष्कळ लोक गंमत बघायला म्हणूनच आले असतील. बायका अर्ध्या विजारी घालून चिखलात धावणार, हे दृश्य त्या काळी कोणी पाहिले होते? पण गंमत बघायला माणूस एकदा येतो. पुन्हा पुन्हा पैसे मोजून येतो तो खेळ बघायला.

१९१८ च्या नोव्हेंबरात युद्ध संपले. पुरुष परत आले आणि दारूगोळ्याच्या कामावरच्या बायकांना देशभर घरी पाठवण्यात आले. डिक केरचा संघ मात्र मोडला नाही. उलट फ्रँकलंड आसपासच्या गावांतल्या चांगल्या खेळणाऱ्या मुली हेरून आणू लागला. मुलीला प्रेस्टनमध्ये काम मिळवून द्यायचे, राहायची सोय करायची आणि संघात घ्यायचे, अशी त्याची रीत होती. मुंबईत कबड्डीच्या चांगल्या खेळाडूला गिरणीने किंवा कंपनीने नोकरीवर घ्यायचे, तोच हा प्रकार. याच रीतीने सेंट हेलेन्स या गावची लिली पार आली. वय चौदा. अंगाने उंच आणि मजबूत, डाव्या पायाने असा चेंडू मारी की पुरुष गोलरक्षकांनी धसका घ्यावा. एका पुरुष गोलरक्षकाने तिला डिवचले आणि तिचा चेंडू अडवताना त्याचा हात मोडला, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी कोण जाणे, पण ती सांगावीशी वाटली यातच तिचा दरारा दिसतो. लिली १९५१ पर्यंत, म्हणजे तीस वर्षांच्या वर खेळली. कर्णधार होती ॲलिस केल. गोल करण्यात फ्लॉरी रेडफर्ड आणि अंगाने लहानखुरी जेनी हॅरिस यांची नावे गाजली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा, निळी अर्धी विजार आणि केस झाकायला पट्ट्यापट्ट्यांची टोपी असा त्यांचा वेष होता.

१९२० हे वर्ष या बायकांचे. एप्रिलमध्ये फ्रान्सच्या मुलींचा संघ इंग्लंडला आला. त्याला आणले होते ॲलिस मिल्या या बाईने, जिने पुढे महिलांच्या जागतिक क्रीडास्पर्धा उभ्या केल्या. डीपडेलवर पंचवीस हजार लोकांसमोर डिक केरने दोन गोलांनी सामना जिंकला. त्याच वर्षी प्रेस्टनच्या बायका फ्रान्सला जाऊन खेळून आल्या. डिसेंबरात त्यांनी रात्रीचा सामना केला. रात्री खेळायचे तर उजेड हवा. तेव्हा युद्धखात्याचे मंत्री असलेल्या विन्स्टन चर्चिल यांच्या परवानगीने विमाने शोधायचे लष्करी झोतदिवे मैदानाच्या दोन टोकांना लावले. चेंडू दिसावा म्हणून त्याला पांढरा रंग देत. बारा हजार लोक आले. मिळालेले पैसे लढाईवरून परतून बेकार झालेल्या सैनिकांसाठी गेले.

आणि मग २६ डिसेंबर १९२०. लिव्हरपूलचे गुडिसन पार्क मैदान, समोर सेंट हेलेन्सच्या बायका. आत त्रेपन्न हजार प्रेक्षक. फ्लॉरी रेडफर्डची गाडी चुकली, ती वेळेवर पोहोचलीच नाही. मध्यंतरापर्यंत एकच गोल झाला होता, तो जेनी हॅरिसचा. बचावात खेळणारी कर्णधार ॲलिस केल दुसऱ्या डावात स्वतः पुढे सरसावली आणि तिने एकटीने तीन गोल केले. चार-शून्य. त्या एका दिवसात धर्मादाय कामासाठी ३,११५ पौंड जमले. बायकांच्या दोन क्लबांच्या सामन्याला इतकी गर्दी जगात पुन्हा जमायला ९८ वर्षे जावी लागली. २०१९ साली स्पेनमधल्या माद्रिद शहरात साठ हजारांवर प्रेक्षक आले तेव्हा तो विक्रम मोडला.

१९२१ साली डिक केरचा संघ सदुसष्ट सामने खेळला. या बायका तेव्हाही पूर्ण वेळ काम करीत होत्या. आठवड्याला एकाहून अधिक सामने, तेही कधी स्कॉटलंडात तर कधी वेल्सच्या टोकाला. सामना खेळून रात्रीच्या गाडीने परतायचे आणि सकाळी कामावर हजर व्हायचे. पोहोचता आले नाही तर खाडा. खाडा म्हणजे काय हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. म्हणून प्रत्येकीला सामन्यामागे दहा शिलिंग देण्याची रीत होती. तेव्हा पौंडाचे वीस शिलिंग होत, म्हणजे हा अर्धा पौंड. त्यात बुडालेली मजुरी आणि वाटखर्च. एवढ्याच पैशावर पुढचे सगळे रण माजले.

५ डिसेंबर १९२१ रोजी लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनच्या, म्हणजे इंग्लंडमधील फुटबॉलच्या सर्वोच्च मंडळाच्या, समितीने ठराव केला. फुटबॉल हा खेळ स्त्रियांना मुळीच योग्य नाही आणि त्याला उत्तेजन देऊ नये, असे त्यात म्हटले होते. पण ठराव तेवढ्यावर थांबला नाही. सामन्यांच्या उत्पन्नातला फार मोठा भाग खर्चापोटी जातो आणि धर्मादाय कामाला पुरेसे पैसे पोहोचत नाहीत अशी तक्रार त्यात जोडली, आणि मंडळाशी संलग्न सर्व क्लबांनी आपली मैदाने बायकांच्या सामन्यांना देऊ नयेत असे बजावले.

यातले पहिले कारण शरीराचे. त्याला डॉक्टरांचे पाठबळ मिळाले. लंडनच्या नामांकित डॉक्टर मेरी शारलिब यांनी हा खेळ स्त्रीच्या शरीराला न झेपणारा आहे असे मत दिले. या बाईंचा आपल्या देशाशी संबंध आहे. इंग्लंडात बायकांना वैद्यकीय शिक्षणाची दारे जवळजवळ बंद होती त्या काळात त्या मद्रासच्या मेडिकल कॉलेजात शिकल्या. पुढे १८८५ साली मद्रासमध्ये उच्च जातींच्या आणि पडद्यातल्या बायकांसाठी इस्पितळ काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. ज्या बाईला स्वतःला अमुक काम बायकांचे नव्हे हे ऐकून घ्यावे लागले असणार, तिनेच मजूर मुलींना अमुक खेळ तुमचा नव्हे असे सांगावे! शिक्षणाने माणूस मोठा होतो, पण आपल्याहून खालच्या पायरीवरचा माणूस त्याला दिसेलच असे नाही. आणि तीन वर्षांपूर्वी याच मुली तोफगोळे वाहत होत्या, तेव्हा हे शरीर कुठे गेले होते?

दुसरे कारण पैशाचे. आम्हाला तेच खरे महत्त्वाचे वाटते. ठरावावर ॲलिस केलने जे उत्तर दिले त्याचा सारांश असा : आम्ही खेळाच्या प्रेमाने खेळतो आणि खेळत राहणार. पण काम सोडून देशभर सामन्यांना जायचे आणि मजुरीही बुडवायची, हे कामकरी मुलीला परवडणारे नाही. बुडालेल्या वेळेची भरपाई मिळाली तर त्यात काय बिघडले? दिवसाला दहा शिलिंगांहून जास्त कोणालाच मिळत नाही.

ॲलिसचे हे म्हणणे प्रेस्टन शहराला नवीन नव्हते. सदतीस वर्षांपूर्वी तिथल्या पुरुषांनी तेच म्हटले होते. तोवर इंग्लंडमध्ये फुटबॉल हा हौसेचा खेळ मानला जाई. खेळासाठी पैसे घेणे म्हणजे खेळाला बट्टा लावणे, असे लंडनच्या शाळा-कॉलेजांतून आलेले सुखवस्तू लोक म्हणत. त्यांना म्हणायला काय, त्यांची मजुरी बुडत नव्हती. लँकेशायरचे खेळाडू गिरणीत आणि कारखान्यात काम करणारे. त्यांनी शनिवारची अर्धी पाळी सोडली तर घरात तेवढे धान्य कमी येई. म्हणून तिथले क्लब गुपचूप पैसे देत. १८८४ साली लंडनच्या अप्टन पार्क क्लबने प्रेस्टन नॉर्थ एंडविरुद्ध तक्रार केली, तेव्हा प्रेस्टनचे सर्वेसर्वा विल्यम सडेल यांनी सरळ कबूल केले, होय, आम्ही पैसे देतो. क्लबला स्पर्धेतून काढले गेले. मग उत्तरेकडचे क्लब एकवटले आणि वेगळे मंडळ काढू म्हणाले. त्यापुढे याच फुटबॉल असोसिएशनने मान तुकवली आणि १८८५ च्या जुलैत पगारी खेळाडूंना मान्यता दिली. आज जगभर जो व्यावसायिक फुटबॉलचा डोलारा दिसतो त्याचा पाया हा. गिरणी कामगाराच्या खाड्याची भरपाई.

तेच शहर, तेच डीपडेल मैदान, तेच मंडळ. १९२० साली पुरुष खेळाडूला आठवड्याला जास्तीत जास्त नऊ पौंड पगार देण्याची मुभा होती, आणि तो पगार तो कोणत्याही धर्मादाय कामाला देत नसे. कोणी मागतही नसे. बायकांनी मात्र फुकट खेळावे, जमलेले दान करावे, आणि वर अर्ध्या पौंडाचा जाब द्यावा! त्या वेळी इंग्लंडात बायकांचे दीडशेच्या आसपास संघ होते. त्या सर्वांचे हिशेब चोख असतील असे आम्ही म्हणणार नाही. पण हिशेबात गडबड असेल तर वह्या तपासतात. दिवाबत्ती बंद करून घराला कुलूप लावत नाहीत.

यामागे आणखीही कारणे होती असे अभ्यासक सांगतात. १९२१ च्या एप्रिलपासून जुलैपर्यंत खाणमालकांनी पगारकपात न मानणाऱ्या कोळसा कामगारांना कामाबाहेर ठेवले होते. त्या टाळेबंदीत उपाशी पडलेल्या खाण कामगारांच्या मुलाबाळांसाठी कामगार वस्त्यांतल्या महिला संघांनी सामने करून पैसे जमवले. जखमी सैनिकांसाठी खेळणाऱ्या बायकांचे कौतुक करणारे लोक मालकांशी झगडणाऱ्या कामगारांसाठी खेळणाऱ्या बायकांचे कौतुक करतीलच असे नाही. शिवाय त्रेपन्न हजारांची गर्दी पुरुषांच्या क्लबांच्या डोळ्यांत भरली नसेल, हे पटणे कठीण आहे.

बंदीचा परिणाम कसा झाला हे नीट पाहिले पाहिजे. बायकांनी खेळू नये असा काही कायदा झाला नव्हता. पोलीस पकडायला येणार नव्हते. फक्त भिंत, दरवाजा आणि बसायची सोय असलेली जवळजवळ सगळी मैदाने ज्या क्लबांकडे होती, ते क्लब मंडळाच्या हाताखाली होते. उघड्या बागेत खेळायला मोकळीक होती. पण उघड्या बागेला दरवाजा नाही. दरवाजा नाही तर तिकीट नाही. तिकीट नाही तर वाटखर्च आणि खाड्याची भरपाई नाही. मग जिला मजुरी बुडवणे परवडत नाही तिने आपोआप घरी बसायचे. माणसाला दाराबाहेर ठेवायला दरवेळी धक्का द्यावा लागतो असे नाही, हे आपल्या समाजाला कोणी नव्याने शिकवायला नको.

त्याच महिन्यात बायकांच्या संघांनी आपले वेगळे मंडळ काढले, पण पैसा आणि मैदाने यांवाचून ते फार काळ टिकले नाही. बहुतेक संघ विरून गेले. डिक केरचा संघ टिकला. नांगरलेल्या शेतात खेळावे लागले तरी खेळू, असे फ्रँकलंड म्हणाला होता. १९२२ साली संघ बोटीने कॅनडाला गेला तर तिथल्या फुटबॉल मंडळानेही खेळायला मनाई केली. तेथून बायका अमेरिकेत उतरल्या. तिथे समोर महिला संघच नव्हते, म्हणून त्या पुरुषांच्या संघांशी खेळल्या. न्यू जर्सीतल्या पॅटरसनला पहिला सामना सहा-तीन असा हरल्या. पुढे काही जिंकल्या, काही बरोबरीत सोडवल्या. पुरुषांविरुद्ध बायकांनी तीन गोल करावे, हेही त्या प्रेक्षकांना पचायला वेळ लागला असेल.

१९२६ साली फ्रँकलंड आणि कारखान्याचे नवे मालक यांचे बिनसले आणि संघाचे नाव प्रेस्टन लेडीज झाले. लोक मात्र जुन्याच नावाने ओळखत. अनेक खेळाडू जवळच्या व्हिटिंगहॅम मनोरुग्णालयात परिचारिका म्हणून कामाला लागल्या. लिली पारने निवृत्त होईपर्यंत हेच काम केले. पाळी संभाळून सराव, रजा जोडून सामने. १९६५ साली खेळाडू मिळेनात म्हणून संघ बंद झाला. अठ्ठेचाळीस वर्षांत ८२८ सामने, ७५८ विजय, ४६ बरोबरीत आणि फक्त २४ हार, असा त्यांचा हिशेब लावलेला आहे. त्यातली त्रेचाळीस वर्षे बंदीखाली गेली.

बंदी उठली १९७१ साली. तेव्हा लिली पार हयात होती; ती १९७८ साली वारली. २००२ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाने तिला आपल्या मानकऱ्यांत घेतले. तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री. मंडळाने १९२१ च्या ठरावाबद्दल जाहीर माफी मागितली २००८ साली. २०११ साली इंग्लंडमध्ये महिलांची सुपर लीग सुरू झाली. पण तिच्यातल्याही पुष्कळ जणी दिवसा नोकरी आणि संध्याकाळी सराव करीत होत्या. २०१८-१९ च्या हंगामापासून मंडळाने नियम केला की पहिल्या श्रेणीत खेळायचे असेल तर क्लबने खेळाडूंना पूर्ण वेळ पगारी करारावर ठेवले पाहिजे. प्रेस्टनच्या पुरुषांना पगाराची मान्यता मिळाली १८८५ साली. मधल्या काळाची वजाबाकी वाचकांनी करावी.